सॅक्सोफोन ऐकण्याबाबत नऊ सूचना

सॅक्सोफोनच्या कार्यक्रमात श्रोत्यांनी काय अपेक्षा ठेवावी आणि कसं वागावं, याचं पत्रक लिहिण्याचं काम १९८८च्या डिसेंबरात माझ्याकडे आलं. तोपर्यंत सॅक्सोफोन मी दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा तो लग्नाच्या वरातीत होता आणि दोन्ही वेळा माझं लक्ष पंगतीकडे होतं. एवढ्या अनुभवावर माणूस पत्रक लिहू शकत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही. मी हत्तीरोगावर पत्रक लिहिलं आहे, अल्पबचतीवर लिहिलं आहे, सुधारित चुलीवर तर तीन भागांत लिहिलं आहे. यातलं काहीच मला झालेलं किंवा माझ्या घरात असलेलं नव्हतं.

मी श्रावण सहारे, अहेरीच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. शिवाय कर्मचारी करमणूक मंडळाचा सचिव, कारण निवडणुकीच्या दिवशी मी रजेवर होतो. आमचे साहेब मुंबईहून नुकतेच बदलून आले होते. बाईसाहेब मूळच्या गोव्याच्या, आणि त्यांचे मामा परेरा हे मुंबईच्या हॉटेलांतून सॅक्सोफोन वाजवायचे. ते आठ दिवस भाचीकडे येणार होते. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मामांचा कार्यक्रम आपल्या मंडळात ठेवायचा. जॅझचा. पण धांगडधिंगा नाही, स्मूथ जॅझ.

"लोकांना आधी कळायला हवं, सहारे. नाहीतर ते उठून नाचतील, नाहीतर उठून जातील. काय अपेक्षित आहे ते लिहून वाटा. तुम्ही तर ऐकलेलं आहे."

मी ऐकलेलं नव्हतं. साहेबांच्या स्वागताच्या चहाला त्यांनी विचारलं होतं की इकडे जॅझ वगैरे कोणी ऐकतं का. सगळे जण बिस्किटांकडे बघत राहिले, तेव्हा कचेरीची अब्रू राखायला मी "थोडंफार" असं म्हणालो होतो. एका शब्दाचं एवढं होईल हे मला काय ठाऊक.

ते खोटं मी तिथल्या तिथे मागेही घेतलं असतं, पण साहेबांच्या टेबलावर माझा बदलीचा अर्ज पडला होता. माझी बायको अंजना ब्रह्मपुरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. ती तिकडे, मी इकडे, मध्ये एसटीचा अख्खा दिवस. सहा वर्षं असंच चाललं होतं. सरकारला नवरा-बायको एका गावी असलेले आवडतात, तसं परिपत्रकच आहे, आणि त्याला 'पती-पत्नी एकत्रीकरण' असं भारदस्त नाव आहे. त्या परिपत्रकाच्या आधारे मी सात अर्ज केले होते. सहा अर्ज कुठे गेले ते सरकारलाच माहीत. सातव्यावर साहेबांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "कार्यक्रम नीट होऊ द्या. मग यावर मी स्वतः शेरा लिहितो."

म्हणजे माझा संसार आता एका पितळी वाद्यावर अवलंबून होता. माझ्या लग्नातसुद्धा बँड नव्हता. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली, जेवणं झाली.

मी कामाला लागलो. प्रथम 'स्मूथ' म्हणजे काय ते पाहिलं. मंडळाच्या शब्दकोशात 'गुळगुळीत' असं होतं. गुळगुळीत जॅझ हे लिहायला बरं वाटेना, पण छापील कोशाला विरोध करणारा मी कोण. मग शेजाऱ्यांनी सल्ले दिले. सल्ला मागितला नव्हता, पण आमच्या क्वार्टरच्या भिंती पातळ आहेत. डाव्या बाजूला आमचाच शिपाई लटारू. त्याचा साळा बँडमध्ये झांजा वाजवतो, त्यामुळे लटारू स्वतःला वादक घराण्यातला समजतो. त्याचं म्हणणं पडलं की या वाद्यासमोर कोणी नाचलं नाही तर वाजवणाऱ्याला वाईट वाटतं, तेव्हा निदान पाच माणसं तरी नाचायला नेमून ठेवावीत. उजव्या बाजूला नीलाबाई, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. त्यांनी एकदा तुतारीत अडकलेलं एका पोराचं बोट काढलं होतं, त्यामुळे वाद्य या गोष्टीकडे त्या अपघाताच्या दृष्टीनंच बघायच्या. एवढं फुंकलं की माणसाचं रक्त वर चढतं, असं सांगून त्यांनी रक्तदाबाचं यंत्र घेऊन पहिल्या रांगेत बसायचं स्वतःच ठरवून टाकलं.

अंजनाला मी पत्रातून विचारलं. तिचं उत्तर अंतर्देशीय पत्रावर दोन ओळींत आलं. जे माहीत नाही ते लिहू नका, असं तिनं लिहिलं होतं, आणि कार्यक्रमाला मी येते. हा नियम लावला तर कचेऱ्या बंद कराव्या लागतील, हे तिला कोण सांगणार. बायको पहिल्यांदाच अहेरीला येणार म्हणून मी दुसऱ्या ओळीवर खूश झालो आणि पहिली सोडून दिली.

शेवटी नऊ सूचना तयार झाल्या. सगळ्याच सांगत नाही, काही सांगतो. एक, वादक डोळे मिटून वाजवतील, त्यांना झोप लागली असे समजू नये. श्रोत्यांनीही डोळे मिटल्यास हरकत नाही. तीन, जॅझमध्ये एक वाद्य विचारते व दुसरे उत्तर देते, यास भांडण समजू नये. चार, वादन मध्येच थांबल्यास ते संपले असे समजून चपला शोधू नयेत. पाच, टाळ्या केव्हा वाजवाव्यात हे सचिव पांढरा रुमाल हलवून कळवतील, त्याखेरीज कोणीही परस्पर टाळ्या वाजवू नयेत. आठ, बालकांनी वाद्यात हात घालू नये, ही नीलाबाईंची. पाचव्या सूचनेचा मला फार अभिमान होता. कार्यक्रमाची सगळी सूत्रं त्यामुळे माझ्या हातात, म्हणजे रुमालात, आली होती. स्टेन्सिल कापून मी तीनशे प्रती काढल्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी परेरामामांना आणायला बल्लारशा स्टेशनवर गेलो. सत्तरीच्या घरातला किडकिडीत माणूस, डोक्यावर हॅट, हातात मगरीच्या आकाराची काळी पेटी. एसटीत ती पेटी त्यांनी मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसले. मला त्यांनी विचारलं की मी कोणाकोणाला ऐकलं आहे. मी खिडकीबाहेर बघून म्हणालो की या भागात धान छान होतं. 

आष्टी सोडल्यावर बोरमाळ्याचा वननाका लागतो. तिथे प्रत्येक गाडी थांबते आणि जंगलातून कोणी विनापास सागवान किंवा बांबू नेत नाही ना, हे बघतात. नाक्यावर दादाजी नावाचे गार्ड होते, जुना आणि नेक माणूस. मामा चहा घ्यायला उतरून पलीकडच्या टपरीवर गेले, आणि दादाजींनी गाडीत चढून ती पेटी उघडायला लावली. सॅक्सोफोनकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांची नजर गेली कोपऱ्यातल्या डबीवर. तीत दहा पातळ चिपा होत्या, बोटाएवढ्या, एका टोकाला कागदासारख्या तासलेल्या. वाद्याच्या तोंडाला ती चिप बांधतात, फुंकलं की ती थरथरते आणि तोच आवाज. हे मला मागाहून कळलं. दादाजींना ते कळायची गरज नव्हती. ते म्हणाले की हा बांबू आहे आणि याचा वाहतुकीचा पास दाखवा.

मी ठोकून दिलं की हा बांबू नाही, परदेशी वेत असतो म्हणे. आणि असला बांबू, तरी आम्ही तो जंगलात घेऊन चाललोय, जंगलातून बाहेर नाही.

"बाबूजी, नियमात असं लिवलं आहे का बांबू नाक्यातून जाईल त त्याले पास पायजे," दादाजी शांतपणे म्हणाले. "कोन्या बाजूनं जाईल ते नाई लिवलं. अन् आत बांबू घेऊन कोन येते? म्हूनच त शक येऊन राह्यला."

 वीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला चांगला मुद्दा ऐकू आला की मनातून आदरच वाटतो. साहेबांचं नाव सांगून पाहिलं, त्यांनी नमस्कार केला पण चिपा सोडल्या नाहीत. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तेव्हा माझ्यातला लिपिक जागा झाला. मला आठवलं की लाकडावर सरकारी खूण असली म्हणजे तो माल तपासलेला धरतात. सागवानाच्या ओंडक्यावर खूण उमटवायचा लोखंडी हातोडा नाक्याच्या दाराशीच टांगलेला होता. मी म्हटलं, दादाजीभाऊ, पास देता येत नसेल तर यांवर खूण मारून द्या, म्हणजे तुमचाही नियम राहील आणि आमचंही काम होईल.

हे मीच सुचवलं. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय असती तर मी ती सोडली नसती.

दादाजींना तोडगा पटला. पेटी घेऊन आम्ही नाक्याच्या दाराशी उतरलो. त्यांनी पहिली चिप ओंडक्यावर ठेवली आणि हातोडा मारला. चिपेचे चार तुकडे झाले, पण खूण सुरेख उमटली. मी म्हटलं आता पुरे. पण दादाजींनी डबीतल्या दहाच्या दहा चिपा आधीच कागदावर लिहून काढल्या होत्या. एकावर खूण असली आणि नऊवर नसली तर त्या नऊ चोरीच्या ठरतात, असं त्यांचं म्हणणं, आणि तेही मला पटलं. अकरावी चिप वाद्याच्या तोंडाला बांधलेली होती. ती त्यांच्या लक्षातही आली नव्हती. ती मीच स्क्रू सैल करून काढून दिली, कारण अर्धवट काम मला आवडत नाही.

मामा चहा संपवून गाडीत आले तेव्हा मी त्यांच्या हातात एक पाकीट दिलं. आत अकरा चिपांचे चाळीसएक तुकडे होते, सगळे सरकारमान्य, सोबत पोच. त्यांनी पाकिटात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाकीट बंद केलं. आलापल्ली येईपर्यंत त्यांनी ते पेटीवर नीट धरून ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आलापल्लीला गाडी थांबली तेव्हा मला राहवेना. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, थोडंफार या शब्दापासून ते अर्जापर्यंत आणि अंजनापर्यंत. त्यांच्या भाचीला सांगितलं तरी चालेल असंही म्हणालो, पण आवाज तसा आला नाही.

त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. "बाबा, मी पण तेच," ते म्हणाले. "सगळा जनम लोकांच्या लग्नात वाजवला. हॉटेलात वाजवला तर लोक जेवत होते. जॅझ-बीज माझी भाची बोलते. अकरा वर्षं झाली, लोकांसमोर वाजवलाच नाही. मी तर खूश झालो होतो, की कोणी तरी कागदावर लिहून लोकांना सांगतोय की ऐका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातोडा मारला तेव्हा झालं नव्हतं एवढं तेव्हा झालं.

दुसरा दिवस अहेरीच्या आठवडी बाजाराचा. कार्यक्रम त्याच दिवशी संध्याकाळी पाचला ठेवला होता, म्हणजे आयती गर्दी मिळेल. सकाळीच मी मामांना घेऊन बाजारात इसरू मडावीकडे गेलो. इसरू जंगलातल्या गावातून सुपं, टोपल्या आणि बासऱ्या विकायला येतो, आणि बांबू त्याच्या हातात आला की शहाण्यासारखा वागतो. मी त्याला एक तुकडा दाखवला. त्यानं तो उन्हात धरला, वाकवला, दाताखाली धरला. मग मामांना विचारलं की हे करतं काय. मामांनी ओठ थरथरवून दाखवले. आजूबाजूच्या चार बायका हसल्या, इसरू हसला नाही.

"वला बांबू नाई चालनार," तो म्हणाला. "धूर खाल्लेला पायजे."

दुरुस्तीला आलेल्या सुपांच्या ढिगातून त्यानं एक काळंकुट्ट सूप ओढलं. वर्षानुवर्षं चुलीवर टांगलेलं, त्यामुळे त्याच्या बांबूच्या कांबी हलक्या आणि कडक झालेल्या. त्यातली एक कांब त्यानं काढली आणि सुरीनं तासायला बसला. पहिली चिप वाद्याला बांधली, आवाजच आला नाही. दुसरीनं चिमणीसारखं केलं. तिसरी बांधून मामांनी फुंकलं तेव्हा आत खोलवरून असा काही आवाज आला की शेजारी बांधलेल्या बैलजोडीनं दावं तोडलं आणि मिरच्यांच्या ढिगातून पळाली. मामांनी वाद्य तोंडातून काढलं आणि इसरूला म्हणाले की आणखी चार कर. तो आवाज कुठल्याही कोशाप्रमाणे गुळगुळीत नव्हता. पण आवाज होता, आणि माझ्या परिस्थितीत तेवढं पुष्कळ होतं.

पहाटेच निघालेली अंजना दुपारच्या गाडीनं आली. मी तिला स्टँडवर घ्यायला गेलो तर ती भज्यांच्या कागदाकडे टक लावून बघत होती. लटारूला मी तीनशे पत्रकं बाजारात वाटायला दिली होती. त्यानं ती सगळी भजेवाल्याला देऊन टाकली, कारण बाजारात प्रत्येक माणूस भजे घेतोच. हिशेब चुकीचा नव्हता. पण भजेवाल्यानं काटकसर करून प्रत्येक कागद मधोमध फाडला. त्यामुळे अर्ध्या गावाला एक ते चार सूचना कळल्या आणि अर्ध्या गावाला पाच ते नऊ.

आमचं सभागृह म्हणजे जुनं तेंदूपत्त्याचं गोदाम. पाच वाजता ते गच्च भरलं. साहेब आणि बाईसाहेब पुढे खुर्च्यांवर, नीलाबाई यंत्र घेऊन बाजूला, इसरू सतरंजीवर अगदी पहिल्या ओळीत. साहेबांनी प्रस्तावनेत सांगितलं की आपल्यात एक जॅझचे जाणकार आहेत, आणि सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. अंजनानंही पाहिलं. मी पायातल्या चपलेकडे पाहिलं.

मामांनी वाजवायला सुरुवात केली. आवाज घोगरा होता, पण त्यात काहीतरी होतं. वरच्या अर्ध्या कागदाच्या लोकांनी तत्काळ डोळे मिटले. खालच्या अर्ध्या कागदाचे लोक माझ्या रुमालाकडे डोळे लावून बसले. मामांकडे बघणारा एकटा इसरू होता. सगळं सूचनेबरहुकूम चाललं होतं, आणि तेवढ्यात मला शिंक आली.

लटारूनं साहेबांच्या मानार्थ त्याच दुपारी गोदाम झाडलं होतं. वर्षभर खाली बसलेली पानांची धूळ आता हवेत होती. मी शिंक दाबली, ती परत आली, आणि कोणताही सभ्य माणूस करतो तेच मी केलं. खिशातून रुमाल काढला.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की डोळे मिटलेले लोक दचकून जागे झाले आणि तेही टाळ्या वाजवू लागले. वादन ऐन मध्यावर होतं. साहेबांची मान वळली. माझा अर्ज मला हवेत उडताना दिसला. मामांनी मात्र वाद्य न सोडता जरा कमरेत वाकून मान तुकवली आणि पुढचं असं वाजवलं की मला पहिलं ते उगाच वाटलं. जॅझमध्ये वादकानं एखादी चांगली फेरी घेतली की मध्येच टाळ्या द्यायची रीतच आहे, हे बाईसाहेब साहेबांच्या कानात सांगताना मी ऐकलं. साहेबांनी माझ्याकडे बघून कौतुकानं मान हलवली. मी पुन्हा शिंकलो.

पहिल्या अर्ध्या तासात मी अकरा वेळा शिंकलो आणि अकराही वेळा गाव दणाणून उठलं. बाराव्या खेपेला अंजना उठून आली. तिनं माझ्या हातातून रुमाल काढून घेतला, स्वतःचा पदर माझ्या नाकाला लावायला दिला आणि माझ्या जागी उभी राहिली. पुढे टाळ्या केव्हा ते तिनं ठरवलं. तिला वर्गाची सवय आहे. मामांचा श्वास कुठे संपतो ते ती बघत होती आणि बरोबर तिथे रुमाल हलवत होती.

सहाच्या सुमारास गुरं परत आली. गोदामाच्या मागूनच त्यांची वाट आहे. मामांनी एक लांब, खालचा सूर लावला आणि थांबले. मागून एका म्हशीनं उत्तर दिलं. मी डोळे मिटून घेतले. पण वरच्या अर्ध्या कागदाचे लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते की हेच ते, तिसरी सूचना. मामांनी खिडकीकडे तोंड केलं आणि पुन्हा विचारलं. म्हशीनं पुन्हा सांगितलं. असं चार वेळा झालं आणि कोणीही त्यास भांडण समजलं नाही. पाचव्या वेळी चिप तडकली. इसरूनं बसल्या जागेवरून खिशातली दुसरी काढून दिली, आणि त्यासाठी अंजनानं रुमाल हलवला.

कार्यक्रम संपला तेव्हा कोणी उठेना, कारण चौथ्या सूचनेप्रमाणे हे मध्येच थांबणं असू शकत होतं. शेवटी मामांनी स्वतः हात जोडून सांगितलं की संपलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नीलाबाईंनी लगेच त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब पाहिला आणि जाहीर केलं की माणूस ठणठणीत आहे. त्यावरही टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी अर्ज शेरा मारून परत दिला. मी तो केबिनच्या बाहेर येऊन वाचला. 'श्री. सहारे यांचा सांस्कृतिक व्यासंग असाधारण आहे. त्यांच्यावाचून अहेरीतील कार्यक्रमांची कल्पना करता येत नाही. सबब त्यांना येथून सोडू नये.' खाली लफ्फेदार सही. इतका चांगला शेरा मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. मी तिथेच बाकावर बसलो आणि मला रडू आलं, हे सरळ सांगतो.

क्वार्टरवर अंजना अकराच्या गाडीसाठी पिशवी भरत होती. मी अर्ज तिच्यापुढे धरला. तिनं शेरा वाचला, मग माझा अख्खा अर्ज वाचला, संदर्भ, परिपत्रकांचे क्रमांक, सगळं. मला वाटलं आता हसेल.

"यात समदं आहे," ती म्हणाली. "नियम आहे, तारीख आहे. आपन दोघं कुठी आहोत यात?"

आणि ती अर्ज घेऊन निघाली. मी मागे. लटारू केबिनच्या दाराशी उभा राहिला पण तिला अडवायची त्याची छाती झाली नाही. साहेब तिला पाहून उभे राहिले. तिनं अर्ज टेबलावर ठेवला.

"साहेब, तुमी लिवलं ते खरं असंल. पन आमच्या घरी दोन चुली आहेत. एक ब्रह्मपुरीले, एक इथी. एका मानसाची भाजी करता येत नाई साहेब. किती बी कमी करा, उरते. मंग तेच दुसऱ्या दिवशी खा लागते. सहा वर्ष झाले, मी शिळं खाऊन राह्यली. हे बी तेच खातेत. पत्रात लिवत नाई, पन मले मालूम आहे."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं की तिला मालूम आहे. साहेबांनी अर्ज पुन्हा पुढे ओढला. साहेबांचं घर केबिनला लागूनच, तिथल्या आतल्या दारात मामा चहाचा कप घेऊन उभे होते. एकदा लिहिलेला शेरा खोडता येत नाही, हे साहेबांना ठाऊक होतं आणि मलाही. त्यांनी पेन उघडलं आणि आपल्याच सहीखाली लिहिलं, 'वरील शेरा कायम. तरीही यांना जाऊ द्यावे.' आणि पुन्हा सही केली.

अर्ज त्याच दिवशी वर गेला. दोन शेऱ्यांतला कुठला खरा, असं वरून विचारतील याची मला खात्री आहे, आणि त्याचं उत्तर लिहायचं काम माझ्याकडेच येईल. पण अकराची गाडी चुकली होती, आणि दुसरी गाडी दुसऱ्या दिवशी. आम्ही क्वार्टरवर आलो. मी स्टोव्ह पेटवला आणि सवयीनं एका माणसाचे तांदूळ घेतले. अंजनानं माझ्या हातातून डबा घेतला, आणखी एक मूठ टाकली, आणि वांगी चिरायला बसली. आम्ही जेवलो. ती म्हणाली की तिखट जास्त झालं, आणि पुन्हा वाढून घेतलं. ताटं उचलताना मी पातेल्यात पाहिलं. काही उरलं नव्हतं. मी पुन्हा एकदा पाहिलं.